‘वाचता येतं का?’ एवढंच विचारून भागत नाही

जनगणनेत साक्षरता बहुधा एकाच प्रश्नावर ठरते: लिहिता-वाचता येतं का? उत्तर हो किंवा नाही, आणि तेही अनेकदा घरातली एकच व्यक्ती सगळ्यांच्या वतीने देते. पण कुणी अक्षर अक्षर जुळवत एक वाक्य वाचतो, तर कुणाला औषधाच्या पाकिटावरची सूचना वाचता येते, पण दोन पानी अर्जातून हवी ती ओळ शोधता येत नाही. जनगणनेच्या तक्त्यात हे दोघंही ‘साक्षर’ ठरतात आणि प्रौढ शिक्षणाच्या योजनेतून निसटतात.

म्हणून आता विचारण्याऐवजी प्रत्यक्ष वाचायला देतात. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेची प्रौढ कौशल्य पाहणी २०११-१२ मध्ये सुरू झाली. १६ ते ६५ वयाच्या लोकांना त्यात रोजच्या व्यवहारातले मजकूर, तक्ते आणि हिशेब सोडवायला दिले जातात. २०२४ च्या अखेरीस जाहीर झालेल्या दुसऱ्या फेरीत ३१ देश व प्रदेशांतले सुमारे १,६०,००० प्रौढ होते. ओईसीडी देशांत सरासरी दर चारांतला एक जण वाचनात पहिल्या पातळीवर किंवा तिच्याही खाली निघाला. म्हणजे छोट्या, सोप्या मजकुरापलीकडे त्याची वाट अडते. हे देश जवळजवळ पूर्ण साक्षर समजले जातात, हे विसरू नये.

या मोजमापामागची युक्ती मला फार आवडते. प्रत्येकाला सगळे प्रश्न देत नाहीत, ठरावीक गटच देतात. प्रश्नाचा अवघडपणा आणि माणसाची क्षमता ० ते ५०० अशा एकाच पट्टीवर मांडली जाते, त्यामुळे वेगवेगळे प्रश्न सोडवलेल्यांचीही तुलना होते. ही कल्पना रुजवणाऱ्यांत डॅनिश गणिती गेऑर्ग राश यांचं नाव आवर्जून घ्यावं लागतं. मात्र एकेकट्याचा गुण यात अंदाजेच असतो, भरवशाचं असतं ते समूहाचं चित्र. ही आकडेवारी धोरणासाठी आहे. तिच्यावरून कुणाला नोकरीत घेणं किंवा नाकारणं हा सरळ अन्याय होईल.

धोरणाला तिचा उपयोग कसा होतो, हे जर्मनीत दिसलं. तिथल्या २०१० च्या पाहणीत १८ ते ६४ वयोगटातल्या ७५ लाख लोकांना सलग मजकूर, अगदी छोटासुद्धा, नीट वाचता-लिहिता येत नसल्याचं आढळलं. त्यातले निम्म्याहून अधिक नोकरी करत होते आणि निम्म्याहून अधिक लोकांची मातृभाषा जर्मनच होती. अशा माणसांपर्यंत पोचायचं तर कामाच्या ठिकाणी जावं लागतं. २०१६ पासून तिथे साक्षरतेचं राष्ट्रीय दशक सुरू झालं, त्यात कामाच्या जागी शिकण्यालाही स्थान मिळालं. २०१८ च्या पाहणीत आकडा ६२ लाखांवर आला होता. हे सगळं श्रेय साक्षरता वर्गांना देता येणार नाही. वयस्क पिढी गटाबाहेर जाते, जास्त शिकलेली तरुण पिढी आत येते, तेव्हा आकडा आपोआपही उतरतो.

आणखी एक गट पूर्वी हिशेबातून सुटत असे: पाहणीची भाषाच न येणारे. ओईसीडीच्या पाहणीच्या दुसऱ्या फेरीत त्यांच्यासाठी त्यांच्या भाषेतली छोटी प्रश्नावली ठेवली गेली. वय, शिक्षण, काम, देशात कधी आलात, एवढेच प्रश्न. पण त्यामुळे ही माणसंही प्रथमच मोजणीत आली.