मूत्राशय छापलेले नव्हतेच

बायोप्रिंटिंगचा, म्हणजे जिवंत पेशी प्रिंटरने छापून अवयव घडवण्याचा, इतिहास सांगताना बरेच जण मूत्राशयापासून सुरुवात करतात, आणि घोळ तिथेच होतो. अमेरिकेत १९९९ पासून पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषामुळे मूत्राशय आकसलेल्या काही मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. सात जणांचा अहवाल २००६ मध्ये आला. ‘पहिला छापील अवयव’ म्हणून आजही त्याचाच दाखला देतात.

त्यात प्रिंटर कुठेच नव्हता. मुलाच्या मूत्राशयाचा टपाल तिकिटाएवढा तुकडा काढायचा, त्यातल्या स्नायूंच्या आणि अस्तराच्या पेशी वेगवेगळ्या वाढवायच्या, मग कोलॅजेन या प्रथिनाच्या पिशवीला बाहेरून स्नायूपेशी लावायच्या, आतून अस्तराच्या. काही आठवड्यांनी ती पिशवी मुलाच्याच मूत्राशयाला जोडायची. सगळे हातकाम, आणि तेही ठिगळाचे. अख्खा अवयव बदललेला नव्हता. पुढे याच तंत्राच्या, दहा मुलांवरच्या चाचणीत मूत्राशयाची क्षमता म्हणावी तशी वाढली नाही, गंभीर गुंतागुंती मात्र झाल्या. २०१४ चा हा निष्कर्ष दाखला देणारे सहसा सांगत नाहीत.

प्रिंटरची गोष्ट वेगळीच. इंकजेटच्या शाईऐवजी पेशींना धरून ठेवणारे प्रथिन भरण्याचा प्रयोग १९८८ मधला. पेशीच कार्ट्रिजमध्ये भरल्या गेल्या त्या २००३ च्या सुमारास. २०११ मध्ये एका व्याख्यानाच्या मंचावर मूत्रपिंडाच्या आकाराचा गोळा छापून दाखवला, आणि ‘मूत्रपिंड छापले’ अशा बातम्यांवर ते काम करणारे मूत्रपिंड नसल्याचा खुलासा करायची वेळ आली.

अडते ते रक्तवाहिन्यांवर. रक्तवाहिनीपासून पेशी साधारण ०.२ मिलिमीटरहून लांब गेली, की तिला प्राणवायू पुरत नाही. २०१९ मध्ये इस्रायलमध्ये छापलेले हृदयही सशाच्या हृदयाएवढेच होते. त्यातल्या पेशी आकुंचन पावत, पण हृदय रक्त पंप करू शकत नव्हते. याउलट रक्तवाहिन्या नसलेल्या कूर्चेचे काम पुढे सरकले: २०२२ मध्ये अमेरिकेत एका तरुणीला तिच्याच कूर्चापेशींपासून छापलेला बाह्यकर्ण बसवला.

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातही रक्तवाहिन्या नसतात. तो हैदराबादमध्ये छापून २०२२ मध्ये सशाच्या डोळ्यात बसवला गेला. त्यासाठीची ‘शाई’ मात्र माणसांनी दान केलेल्या डोळ्यांमधूनच काढावी लागली होती.