चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सगळ्यांनाच लागतं?

‘चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन घटतं, म्हणून प्रत्येक पुरुषाने त्याचं इंजेक्शन घ्यावं’ हा मजकूर सोलापुरातही जिमपासून सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपपर्यंत वर्षानुवर्षं फिरतोय.

टेस्टोस्टेरॉन म्हणजे मुख्य पुरुषी हार्मोन. त्यात घट होते, हे खरं. पण ती वर्षाला साधारण १ टक्का. बहुतेकांची पातळी तरीही ठीकच राहते. थकवा अपुरी झोप, सुटलेलं पोट, मधुमेह, थायरॉइड यांमुळेही येतो. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा थकला, तर दोष हार्मोनचाच कशावरून?

खरी गोम पुढे आहे. हार्मोन बाहेरून मिळालं की मेंदू वृषणांना इशारा देणं कमी करतो. शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. मूल हवं असणाऱ्यांना हे क्वचितच कुणी सांगतं! रक्तही दाट होऊ शकतं.

खात्री करायची तर सकाळी १० च्या आत, उपाशीपोटी रक्त द्या. दुपारी आकडा एरवीही खाली असतो. कमी आला तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा तपासा. दोन्हीदा कमी, शिवाय कामेच्छा मंदावल्यासारखी लक्षणं असतील, तर हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा. अशा रुग्णांना उपचाराचा खरंच फायदा होतो. रिपोर्ट नॉर्मल असेल, तर आधी झोप आणि वजन बघा.