बेल्ट बदलला, गाडी चालू होईना : आधी सेल्फ सोडा, पाना घ्या

खानापूरहून मामेभावाचा फोन आला, रविवार होता, बाहेर पावसाची झड लागलेली. "दादा, टायमिंग बेल्ट नवा घातलो, सगळं बसवलो, पण गाडी चालूच होईना की ओ." मी पहिलं विचारलं, सेल्फ किती वेळा मारलास? तर म्हणाला, दहा-बारा वेळा. आता काय बोलायचं.

त्याला म्हटलं फोन बॉनेटजवळ धर आणि एकदाच, दोन सेकंद सेल्फ मार. आवाज ऐकला आणि निम्मं निदान तिथंच झालं. चांगलं इंजिन सेल्फवर फिरतं तेव्हा आवाजाला लय असते, घुर्र... घुर्र... घुर्र, कारण प्रत्येक सिलिंडर हवा दाबताना थोडा अडखळतो. याच्या इंजिनाचा आवाज म्हणजे सुपातलं दाणं संपल्यावर गिरणी कशी नुसती हलकी भरभर फिरते तसा, मधे कुठं अडखळणंच नाही. म्हणजे कॉम्प्रेशन नाही. आणि पेट्रोल आहे, करंट आहे, पण हवा दाबलीच जात नसेल तर इंजिन काय पेटणार.

आता हे बेल्टमुळं कसं होतं ते बघू, कारण बऱ्याच जणांना वाटतं बेल्ट म्हणजे नुसतं फिरवायचं काम. तसं नव्हं. खाली क्रँकशाफ्ट पिस्टन वर-खाली करतो आणि वर कॅमशाफ्ट व्हॉल्व उघडतो-मिटतो, आणि या दोघांना ठरल्या वेळेत बांधून ठेवतो तो हा दातेरी बेल्ट. हवा घे, दाब, पेटव, धूर सोड, या चार कामांना क्रँकचे दोन फेरे लागतात आणि तेवढ्यात कॅमचा एकच फेरा व्हायला पाहिजे. म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकपेक्षा बरोब्बर दुप्पट दात असतात. समजा खाली 20 आणि वर 40. मग बेल्ट एक दात चुकला की क्रँकच्या हिशोबानं 360 भागिले 20, म्हणजे 18 अंशांचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतो.

पण बघा. हवा आत घेणारा व्हॉल्व पिस्टन तळाला पोचला की लगेच मिटत नाही, साधारण 40-50 अंश नंतर मिटतो, मुद्दामच, कारण जोरात फिरणाऱ्या इंजिनात आत येणाऱ्या हवेला स्वतःचा वेग असतो, ती पिस्टन वर यायला लागला तरी घुसतच असते. तोपर्यंत पिस्टन आपल्या चढाचा दहावा हिस्सा वर आलेला असतो, चालतंय. आता कॅम दोन दात मागं राहिला, म्हणजे 36 अंश, तर व्हॉल्व मिटेपर्यंत पिस्टन चढाचा तिसरा हिस्सा वर आलेला असतो आणि सेल्फच्या मंद वेगात हवेला जोर नसतोच, त्यामुळं घेतलेली हवा उलट्या वाटेनं बाहेर. हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधनं जी "फुस्स" खोकल्यासारखी येते ना, ती हीच. एक दात चुकलेली गाडी बऱ्याचदा रडतखडत चालू होते, ओढ नसते, पण दोनला बहुतेक मान टाकतेच.

हे झालं बरं निघालं तर. काही इंजिनांत उघडा व्हॉल्व आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेवर हक्क सांगतात, वेगवेगळ्या वेळी येतात म्हणूनच त्यांचं भांडण होत नाही. वेळ चुकली की धडक, व्हॉल्व वाकला, हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उतरवा. काही इंजिनांत दोघांत तेवढी जागा असते, काही होत नाही. आपलं कुठलं ते मॅन्युअलमध्ये बघायचं, अंदाज नको. म्हणूनच दहा-बारा सेल्फ ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता.

बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या शेजारच्या शेडमध्ये एक म्हातारे कानडी मिस्त्री होते, अशी गाडी आली की त्यांचं एकच वाक्य, "मोदल कैले तिरगस्री", आधी हातानं फिरवा. कारण सेल्फची मोटर आंधळी असते, व्हॉल्व अडकला तरी ढकलते, आणि हाताला मात्र अडलेलं कळतं. भावाला सांगितलं, प्लग सगळे काढ म्हणजे दाब राहत नाही, क्रँकच्या बोल्टला पाना लाव आणि इंजिन फिरतं त्याच दिशेनं सावकाश पूर्ण दोन फेरे दे. दोनच का, तर कॅम मूळ जागी यायला तेवढे लागतात. मधे कुठं कडक लागलं तर थांब, जोर लावायचा नाही.

कडक कुठंच लागलं नाही, जीव भांड्यात पडला. पण दोन फेऱ्यांनंतर क्रँकचा मार्क, म्हणजे पुलीवरची जुळवायची खूण, जागेवर आणि कॅमचा मार्क दोन दात मागं. तो म्हणाला, "दादा, बसवताना बरोबर होता ओ!" होताच. झालं काय, बेल्ट काढला की व्हॉल्वच्या स्प्रिंगा कॅमला ढकलतात, तो टुणकन थोडा फिरतो, मग आपण तो हातानं धरून बेल्ट चढवतो आणि ढील नेमकी चुकीच्या बाजूला राहते. क्रँक ज्या बाजूनं कॅमला ओढतो ती बाजू आधी ताठ पाहिजे, ढील सगळी टेन्शनरच्या, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकाच्या, बाजूला. यानं उलटं केलेलं, त्यामुळं टेन्शनर आवळून इंजिन फिरवल्याबरोबर ढील ओढली गेली आणि कॅम मागं राहिला. आणखी एक घोळ, बाहेरच्या पुलीवरची खाच बऱ्याच गाड्यांत इग्निशनसाठी असते, बेल्टचा मार्क आतल्या दातेरी पुलीवर वेगळा असतो, पुष्कळ जण तिथंच फसतात.

दुपारी परत बसवलं, हातानं दोन फेरे, दोन्ही मार्क जागेवर. सेल्फ मारला तर आवाजाला लय आली, पण गाडी तरी चालू नाही! आता मात्र कारण साधं होतं, सकाळपासनं मारलेल्या सेल्फनं प्लग पेट्रोलनं ओलेचिंब. ते पुसून गॅसवर जरा शेकले, गार केले, लावले. कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या नव्या गाडीत अशा वेळी मी क्रँक आणि कॅम सेन्सरचे सॉकेट आधी बघतो, बेल्टचं काम करताना ते बाजूला काढतात आणि लावायचं राहतं, क्रँकचा सिग्नलच नाही तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी कधी टाकू ते ठरवणार कशावर. बॅटरीची अर्थिंगची वायर पण बघायची, ती ढिली राहिली की नुसतं टकटक.

तिसऱ्या सेल्फला गाडी लागली. आयडलवर (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू) 800 आरपीएम म्हणजे कॅमचे मिनिटाला 400 फेरे, एकेक व्हॉल्व सेकंदाला जवळजवळ सात वेळा उघडतो-मिटतो, तो आवाज फोनवर ऐकत बसलो.

पुढच्या वेळी जुना बेल्ट काढायच्या आधीच बेल्टवर आणि दोन्ही पुल्यांवर पांढऱ्या ठिपक्यानं खूण कर, मग दोन खुणांमधले दात मोजून तेच नव्या बेल्टवर उतरव, असं त्याला सांगितलं. पांढरा पेंट नव्हता त्याच्याकडं. वहिनींचं नेलपॉलिश होतं, ते चालतंय, पण विचारून घे म्हटलं.