पापणी पडली, ती अशक्तपणाने नव्हे

गेल्या महिन्यात खानापूरला मामांकडे गेलो होतो. फुप्फुसाच्या कॅन्सरवर त्यांची इम्युनोथेरपी चालू आहे. दुसरं सलाईन होऊन आठवडा झाला होता. मामा पेपर वाचत बसले होते, एका बोटाने डावी पापणी वर उचलून धरून. उठायला गेले तर खुर्चीचे हात धरूनही तिसऱ्या खेपेला उठले. "अशक्तपणा आलाय, दुसरं काय," मामी म्हणाली. शेजारणीने तर तोंडावरून वारं गेलंय म्हणून तेल चोळायला सांगितलेलं. मी म्हटलं, "मामा, आजच्या आज डॉक्टरांना फोन लावा."

आपल्याकडे समज असा, की इम्युनोथेरपी म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवणारं टॉनिक, केमोसारखा त्रास नाही. खरं तर ही औषधं शक्ती वाढवत नाहीत, ब्रेक काढतात. आपल्या टी-पेशींवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींवर, पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. जपानचे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने तो १९९२ साली शोधला आणि २०१८ चं नोबेल त्यांना जेम्स अॅलिसन यांच्याबरोबर मिळालं. कॅन्सरची गाठ हाच ब्रेक दाबून टी-पेशींना गप्प बसवते. औषधाने ब्रेक सुटला की या पेशी गाठीवर तुटून पडतात.

पण कधीकधी त्या आपल्याच स्नायूंवरही तुटून पडतात, मामांचं तेच झालं. असं का व्हावं? मला सगळ्यात थक्क करणारा भाग हा आहे. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी-पेशी तिथे तयार होतात आणि तिथेच त्यांची परीक्षा होते. शरीरातली प्रथिनं त्यांना दाखवली जातात. जी पेशी आपल्याच प्रथिनाला घट्ट चिकटते, ती तिथेच मारली जाते. मात्र हृदयाच्या स्नायूतलं अल्फा-मायोसिन हे प्रथिन थायमसमध्ये तयारच होत नाही. म्हणजे त्या विषयाचा पेपरच निघत नाही! त्याच्यावर हल्ला करू शकणाऱ्या काही पेशी पास होऊन रक्तात फिरत राहतात. एरवी पीडी-१ सारखे ब्रेक त्यांना धरून ठेवतात. चोर्ला घाटात भरलेल्या ट्रकचा ब्रेक सुटावा, तसं मग होतं. २०२२ साली संशोधकांनी या औषधांमुळे हृदयाला सूज आलेल्या रुग्णांच्या रक्तातून अल्फा-मायोसिन ओळखणाऱ्या टी-पेशी वाढवल्या. त्यांतल्या काहींचे भाऊबंद त्याच रुग्णांच्या हृदयात आणि शरीरातल्या इतर स्नायूंतही सापडले.

हा स्नायूदाह, म्हणजे स्नायूंची सूज, शंभरात एखाद्यालाच होतो, बहुधा पहिल्या एक-दोन महिन्यांत. पापणी पडणं, एकाचे दोन दिसणं, मान सावरता न येणं, मांड्या-खांदे दुखणं ही त्याची चिन्हं. सोबत हृदयाचा किंवा श्वासाचा स्नायू सापडला तर जिवावर बेतू शकतं, म्हणून स्नायूंची इजा दाखवणाऱ्या सीपीके या रक्तचाचणीबरोबर हृदयाची इजा दाखवणारी ट्रोपोनिन चाचणी आणि ईसीजीही करतात.

आणखी एक फसगत होते. लिव्हरच्या रिपोर्टमधलं एसजीओटी नावाचं एन्झाइम यकृतात असतं तसं स्नायूंतही असतं. रिपोर्टवर ते वाढलेलं दिसलं की घरचे कावीळ समजून झाडपाल्याचं औषध आणायला धावतात. तेवढ्यात दिवस जातात आणि पाल्याने यकृताला खरंच इजा झाली तर वेगळंच संकट. असं करू नका, कळकळीने सांगतो.

मामांचं सीपीके दोनशेच्या आत असायला हवं होतं, आलं साडेतीन हजार. पुढचं सलाईन थांबवलंय, स्टेरॉइड चालू आहे. पापणी अजून पुरती उघडत नाही, पण ईसीजी साफ आहे आणि घास नीट गिळता येतो.