पेसा गावात ‘आपसांत मिटवणं’ चालतं का?

पेसा गाव म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेलं गाव. ‘पेसा गावात पोरीवरच्या अत्याचाराचं प्रकरण ग्रामसभेनं दंड घेऊन मिटवलं, की पोलिसांचा संबंध संपला’ असा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. अर्धा खरा आहे, म्हणूनच पटतो. १९९६ च्या पेसा कायद्यात परंपरेनं तंटे सोडवायला मान्यता आहेच. पण अठरा वर्षांखालच्यांवरचा लैंगिक अत्याचार हा तंटा नव्हे, २०१२ च्या पोक्सो कायद्याखालचा गुन्हा. कलम १९ वाचून बघा: ज्याला कळलं त्यानं कळवायचंच, मग तो पाटील असो की पंच. बदनामीची धास्ती असेल तर कलम २४ बघा: जबाब घरीही घेतात, पोलीस गणवेशात नसतात.

ग्रामसभेला काम उरतंच, तेही असं काही घडण्याआधीचं. आश्रमशाळेतून सुट्टीला आलेल्या पोरींशी बायांनी चुलीपाशी बसून बोलणं, समाजमंदिराच्या भिंतीवर मुलांच्या मदतीचा फोन नंबर, १०९८, ठळक रंगवणं.