चुन्याची निवळी आणि मिशलिनचा तारा

लंडनच्या मॅरिलबोन भागात सीमोर स्ट्रीटवर ‘कोल’ नावाचं मेक्सिकन रेस्टॉरंट आहे. शेफ सँतियागो लास्त्रा यांनी ते ऑक्टोबर २०२० मध्ये, म्हणजे ऐन कोरोनात उघडलं. २०२२ मध्ये त्याला मिशलिन गाइडचा मानाचा तारा मिळाला आणि २०२४ च्या जगातल्या पहिल्या पन्नास रेस्टॉरंटांच्या यादीत ते सतराव्या नंबरावर होतं. एका माणसाच्या टेस्टिंग मेन्यूला, म्हणजे शेफने ठरवलेल्या छोट्या छोट्या पदार्थांच्या जेवणाला, शंभर पौंडांच्या वर मोजावे लागतात. गंमत म्हणजे इथे लिंबूही नाही आणि अवोकाडोही नाही. आंबटपणासाठी सी बकथॉर्न वापरतात, म्हणजे लडाखमध्ये ‘लेह बेरी’ म्हणून बाटलीत मिळतं तेच नारिंगी फळ. भाज्या, मासे, मांस सगळं ब्रिटनमधलं. मेक्सिकोहून मुद्दाम येतात त्या मुख्यतः तीन गोष्टी: मका, सुक्या मिरच्या आणि कोको.

या तिन्ही वस्तू युरोपला नव्या नाहीत. स्पॅनिश जहाजांनी त्या पंधराव्या-सोळाव्या शतकांतच आणल्या. मिरचीची हंगेरीत पाप्रिका झाली, कोकोचं चॉकलेट झालं आणि मका तर उत्तर इटलीपासून रोमानियापर्यंत शेतोशेती पसरला. मग २०२० साली एका शेफला तोच मका परत मेक्सिकोहून का मागवावा लागतो?

याचं उत्तर चुन्यात आहे. मेक्सिकोत मका नुसता दळत नाहीत. दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर त्यातच मुरू देतात आणि सकाळी चोळून धुतात. दाण्याची साल सुटून पाण्यावर येते, पाणी पिवळं, गढूळ होतं आणि स्वयंपाकघरात ओल्या भिंतीसारखा, किंचित मातकट वास भरतो. मग ज्वालामुखीच्या दगडाच्या जात्यावर ते ओले दाणे वाटतात. तयार होणाऱ्या गोळ्याला ‘मासा’ म्हणतात. नुसत्या मक्याच्या पिठाची भाकरी थापताना कशी कडेने तडकते, हे ज्याने थापली त्याला सांगायला नको. मासा तडकत नाही, कारण चुन्यामुळे सालीतला चिकट भाग सुटून पिठाला बांधून ठेवतो. म्हणून टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकोची मक्याची पोळी, पातळ दाबता येते, तव्यावर उलटता येते आणि नीट जमली तर टम्म फुगते. या सगळ्या प्रक्रियेला निक्स्टामलायझेशन म्हणतात, आणि ती कोलंबसाच्या कितीतरी शतकं आधीची आहे.

स्पॅनिशांनी दाणा नेला, पण ही पद्धत तिथेच सोडली. युरोपात गव्हाच्या चक्क्या होत्याच, त्यात मका दळला की काम झालं. या आळसाची किंमत गरिबांनी मोजली. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व चुन्याशिवाय शरीराला जवळपास मिळतच नाही. ज्यांच्या ताटात मक्याखेरीज फारसं काही पडत नसे त्यांच्या अंगावर लाल चट्टे उठू लागले, जुलाब लागू लागले, शेवटी वेड लागू लागलं. स्पेनच्या आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये या रोगाची नोंद केली. इटलीत त्याला पेलाग्रा नाव पडलं, आणि १८८१ च्या पाहणीत तिथे लाखावर रोगी सापडले. नायसिनचा उलगडा व्हायला १९३७ उजाडलं. मेक्सिकोत रोज टॉर्टिया खाणाऱ्यांना हा रोग क्वचितच होत असे. दोनशे वर्षं युरोपातले डॉक्टर मक्याला दोष देत राहिले. दोष मक्याचा नव्हताच.

दुसरं एक धान्य तर स्पॅनिशांनी धर्माच्या नावाखाली दडपलं. राजगिरा. अॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून पूजेनंतर प्रसादासारख्या खात. मिशनऱ्यांना ही सरळसरळ मूर्तिपूजा दिसली आणि या पिकाची तिथे पीछेहाट झाली. तोच राजगिरा पुढे भारतात आला आणि आज आपण तो एकादशीला खातो. त्या पाद्र्यांना हे कळतं तर काय म्हणाले असते कोण जाणे. लाह्या पाकात घालून थापलेल्या वड्या मेक्सिकोत अजून रस्त्यावर विकल्या जातात.

खुद्द मेक्सिकोतल्या बड्या घरांनाही मक्याची लाज वाटे. पोर्फिरिओ दियास यांच्या राजवटीत (१८७६–१९११) श्रीमंतांची मेजवानी म्हणजे फ्रेंच मेजवानी. १९१० मध्ये स्वातंत्र्याची शताब्दी साजरी झाली, तेव्हा सरकारी पंगतींचे मेन्यूही फ्रेंचच होते. फ्रान्सिस्को बुल्नेस या पुढाऱ्याने १८९९ मध्ये मानवजातीचे गहू खाणारे, भात खाणारे आणि मका खाणारे असे तीन भाग पाडले आणि प्रगती फक्त गहू खाणाऱ्यांनाच साधते, असा निष्कर्ष काढला. म्हणजे आपणही त्याच्या हिशेबात नापासच.

युरोपातल्या शहरांत मेक्सिकन रेस्टॉरंट आलं ते या वारशातून नव्हे, तर कॅलिफोर्नियामार्गे. स्थलांतरित मेक्सिकन मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले. युरोपात फारसे आलेच नाहीत. त्यामुळे चव आली, पण ती बनवणारी माणसं आली नाहीत. टोमास एस्टेस या कॅलिफोर्नियातून आलेल्या माणसाने १९७६ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये ‘कॅफे पॅसिफिको’ काढलं आणि १९८२ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये. तिथे लोक मुख्यतः मार्गारिटा हे टकिलाचं कॉकटेल प्यायला जात. टकिलाचं बस्तान युरोपात जेवणाच्या आधी बसलं, इतकं की १९९७ मध्ये युरोपीय समुदायाने मेक्सिकोशी करार करून टकिला आणि मेझकाल या मेक्सिकन दारूंच्या नावांना संरक्षण दिलं. घरोघरी पोचला तो मात्र खोक्यातला टाको: कडक कवच, मसाल्याचं पाकीट, वर किसलेलं चीज. नॉर्वेत शुक्रवारी संध्याकाळी टाको करणं हा राष्ट्रीय रिवाज म्हणावा इतका रुळला आहे. चांगला रिवाज आहे, पण मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या बाईला तो ओळखू येणार नाही.

वारं फिरलं ते मेक्सिको सिटीतूनच. एन्रिके ओल्वेरा यांनी २००० मध्ये ‘पुहोल’ काढलं आणि हळूहळू फ्रेंच ढंग सोडून मका, मिरची, मोले (मिरच्यांचा दाट रस्सा) हेच पाहुण्यांपुढे मांडलं. २०१० मध्ये युनेस्कोने पारंपरिक मेक्सिकन पाककलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्याच बैठकीत फ्रेंच मेजवानीचाही समावेश झाला. बुल्नेसचा हिशेब तिथे कागदावर तरी चुकता झाला.

रोबेर्तो रुइस यांनी २०१२ मध्ये माद्रिदच्या सालामांका या उच्चभ्रू भागात ‘पुन्तो एमेक्स’ उघडलं. ग्वाकामोले, म्हणजे अवोकाडोची चटणी, पाहुण्यांच्या टेबलाशी दगडी खलात वाटून द्यायचे आणि निखाऱ्यावर भाजलेल्या नळीतला मगज टॉर्टियात भरायला द्यायचे. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याला मिशलिनचा तारा जाहीर झाला. युरोपातल्या मेक्सिकन रेस्टॉरंटला मिळालेला तो पहिला तारा. त्याच सुमारास बार्सिलोनात आल्बेर्त आद्रिया आणि मेक्सिकन शेफ पाको मेंदेस यांनी ‘ओहा सांता’ सुरू केलं आणि वर्षभरात त्यालाही तारा मिळाला. ही दोन्ही रेस्टॉरंटं कोरोनाच्या काळात बंद पडली. भारतीय जेवणाला लंडनमध्ये पहिले तारे २००१ मध्ये मिळाले होते, ‘टॅमरिंड’चे अतुल कोचर आणि ‘झायका’चे मुंबईकर विनीत भाटिया यांना. त्यांनाही तेच ऐकावं लागत असे: करी एवढी महाग का?

हा प्रश्न फ्रेंच सॉसला कुणी विचारत नाही. पण किमतीचा प्रश्न दरवेळी अडाणीच असतो असंही नाही. २०१७ मध्ये कोपनहेगनच्या ‘नोमा’ या नामांकित रेस्टॉरंटने मेक्सिकोतल्या तुलुमला सात आठवड्यांचं रेस्टॉरंट मांडलं. लास्त्रा त्या प्रकल्पाचे व्यवस्थापक होते. माणशी दर ६०० डॉलर, कर वेगळा. त्या वर्षी मेक्सिकोत दिवसाचं किमान वेतन ८० पेसो होतं, म्हणजे एका जेवणात साधारण १४० दिवसांची मजुरी. टॉर्टिया तिथे यशुनाह गावातल्या माया बायका पाहुण्यांसमोर हाताने थापत होत्या. जेवण उत्तम असेलही, पण हे गणित डोळ्याआड करता येत नाही.

तोच प्रश्न आता मक्यापाशी आला आहे. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या १९९४ च्या नाफ्टा व्यापार करारानंतर स्वस्त अमेरिकन मका मेक्सिकोत येऊ लागला आणि डोंगराळ भागातल्या छोट्या शेतकऱ्यांना आपला निळा, लाल, पांढरा गावरान मका परवडेनासा झाला. परदेशी शेफ त्याला चांगला भाव देतात, त्यामुळे काही वाणांना गिऱ्हाईक तरी उरलं. पण मेक्सिको सिटीतल्या सर्वसामान्य टॉर्टियाच्या दुकानात बहुधा संकरित मका किंवा तयार पिठाची पोती असतात, आणि पूर्वजांचा दाणा लंडनच्या ताटात. मार्च २०२५ मध्ये मेक्सिकोने घटनादुरुस्ती करून जनुकीय बदल केलेल्या मक्याच्या लागवडीवर बंदी घातली. आयातीचं दार मात्र उघडंच आहे.