हाराइथ दे ला वेरा

हाराइथ दे ला वेरा : स्पेनमधील एक लहान शेतीप्रधान गाव, पिमेन्तोन या धुरावलेल्या लाल मिरचीपुडीचे केंद्र. एस्त्रेमादुरा प्रदेशाच्या कासेरेस प्रांतात, ग्रेदोस पर्वताच्या दक्षिणेकडील ला वेरा टापूत ते वसले आहे.

येथे मिरची कोणी आणली याबाबत मतभेद आहेत. कोलंबसाच्या रोजनिशीत जानेवारी १४९३ मध्ये ‘आही’ या नावाने मिरचीचा उल्लेख येतो. दुसऱ्या सफरीहून (१४९३–९६) परतल्यावर त्याने ग्वादालूपेच्या मठात राजाराणीपुढे मिरच्या ठेवल्या आणि तेथील हिएरोनिमाइट या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी बियाणे इतर मठांत पोचविले, अशी परंपरा आहे. हाराइथजवळचा युस्ते मठ याच पंथाचा. सम्राट पाचवा चार्ल्स तेथे १५५७ मध्ये राहावयास आला व पुढच्याच वर्षी वारला. त्यामुळे मिरचीचे श्रेय काही जण त्यालाही देतात. आग्नेय स्पेनमधील मुर्सियातील ‘न्योरा’ मिरचीचे नावही ला न्योरा येथील याच पंथाच्या मठाशी जोडले जाते. हे पाहता बादशाही मुक्कामापेक्षा साधूंच्या मळ्यांकडे बोट दाखविणारे मत अधिक ग्राह्य वाटते. पुडीचे व्यापारी उत्पादन बहुधा १९ व्या शतकात वाढले.

धुराचे कारण हवामानात आहे. मुर्सियात मिरची उन्हात वाळते. ला वेरात तोडणीच्या सुमारास, शरदात, पाऊस असतो. म्हणून ती दुमजली वाळवणघरात माळ्यावरच्या लाकडी पट्ट्यांवर पसरतात आणि खाली ओकची लाकडे धुमसत ठेवतात. जाळ होऊ द्यायचा नाही, धूर मात्र तुटता कामा नये. दहा ते पंधरा दिवस रोज माळ्यावर चढून सगळा थर हाताने खालीवर करावा लागतो. मग देठ-बिया काढून मिरची सावकाश दळतात, कारण जात्याच्या उष्णतेने रंग उतरतो. पुडी गोड, मध्यम व तिखट अशी तीन प्रकारची असते. हेरोमिन या वाणाचे नाव चार्ल्सचा मुलगा डॉन हुआन याच्या लहानपणच्या नावावरून आलेले दिसते. २००७ मध्ये यूरोपीय संघाने ‘पिमेन्तोन दे ला वेरा’ला संरक्षित उगमनाम (ठरावीक प्रदेशातल्या मालालाच वापरता येणारे नाव) दिले.

गावात पिमेन्तोनचे संग्रहालय आहे. शिळ्या पावाचा चुरा लसूण व पिमेन्तोन घालून परततात, तो ‘मिगास’ हा इकडचा नेहमीचा पदार्थ. स्पॅनिश चोरिसोची लालीही याच पुडीची; गोव्याचा चोरिस त्याचा पोर्तुगीजांकरवी आलेला चुलतभाऊ, पण त्यात मिरची गोव्याकडची आणि जोडीला व्हिनेगर.